भुताला पहिला नंबर

जगातल्या कुठल्याही दोन सिनेमांत एक डावा आणि एक उजवा असतोच, आणि तो कोणता हे आपल्याला कळतं, याबद्दल माझ्या मामीच्या मनात कधी तीळभरही शंका आली नाही. सिनेमे एका जातीचे असावेत अशी तिची अट नव्हती. उलट ते एकमेकांपासून जितके लांबचे, तितका तिला निवाड्याचा हुरूप. एकदा भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समधल्या भजनी मंडळाच्या बायका देवाच्या महिम्यावरचा सिनेमा पाहून डोळे पुसत तिच्या ओट्यावर आल्या. मामीने आदल्या दिवशी टीव्हीवर बँक लुटणाऱ्या टोळीचा सिनेमा पाहिला होता. तिने शांतपणे सांगून टाकलं की चोरांचा सिनेमा सरस. "देवाला काय, हात वर केला की काम झालं. त्या चोरांनी बिचाऱ्यांनी महिनाभर बोगदा खणलाय." बायका पदर तोंडाशी धरून बघतच राहिल्या. त्यांतल्या दोघींनी चातुर्मास संपेपर्यंत तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

असे धक्के ती नेहमीच देई. शेजारच्या निवृत्त सुभेदारांसमोर तिने रणगाड्यांच्या सिनेमापेक्षा बोलक्या कुत्र्याच्या कार्टूनला वरचा नंबर दिला, कारण कुत्रं हरवल्यावर ते घरदार दोन घास जेवलं नाही. आणि इकडे एवढे जवान पडले तरी मागे कुणाच्या घरची चूल विझलेली दाखवली नाही. सुभेदारांच्या हातातला चहा तसाच राहिला. मी खोपोलीला कारखान्यात नोकरी करतो, सिनेमातलं मला फारसं कळत नाही, पण त्या दिवशी मलाही राहवलं नाही. मी म्हणालो, मामी, हे दोन निराळ्या प्रकारचे सिनेमे आहेत, त्यांची तुलना होत नसते. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"का नाय होत? मला दोन स्थळं आलती. एक खालापूरकडचं, भाताची शेती, घरात माणूसच माणूस. दुसरा तुझा मामा, वीजकेंद्रातला, एकटा जीव. दोघं सारखे होते काय रं? मंग? निवडलाच ना एक?"

मामा शेजारीच बसले होते. त्यांनी निवडून आलेल्या माणसासारखी मान डोलावली आणि मग त्या खालापूरच्या स्थळाचं पुढे काय झालं यावर जेवणाची पानं घेईपर्यंत बोलत राहिले. मामांचं तसंच होतं. आयुष्य यंत्रांच्या घरघरीत गेल्यामुळे ते घरीही ओरडूनच बोलत, आणि समोर कुणी नसलं तर चपलेशी बोलत.

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. मामी क्वार्टर्स सोडून जवळच्याच गावात दोन खोल्यांत राहायला गेली. मामांची एकुलती एक लेक, माझी मामेबहीण, पुण्यात जाहिरातींचं चित्रीकरण करते. तिने वडिलांवर एक लघुपट केला आणि आईला न सांगता कर्जतच्या एका मंडळाच्या स्पर्धेला पाठवला. आईला तो तिथेच दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं. तिला हे ठाऊक नव्हतं की मंडळाच्या अध्यक्षांनी मामीची कीर्ती ऐकून तिलाच तिसरी परीक्षक नेमलं आहे. हॉलमध्ये मायलेकी समोरासमोर आल्या तेव्हा अध्यक्षांचा चेहरा पडला. लेकीची प्रवेशिका आहे, तुम्ही उठता का, असं त्यांनी चाचरत विचारलं. मामी म्हणाली, "खुर्ची दिलीत ना? मंग बसते."

बहिणीचा सिनेमा सुरू झाला आणि हॉल चिडीचूप झाला. एक म्हातारा माणूस ओट्यावर बसून डोंगराकडे बघतो आहे, बशीतला चहा निवतो आहे, मागे बासरी. शेवटी नुसती रिकामी खुर्ची. पुढच्या रांगेत बायका हुंदके देत होत्या. त्याच्यामागून कुंभिवलीच्या कॉलेजच्या पोरांचा सिनेमा लागला. हायवेवरच्या ढाब्यात एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरचं भूत राहतं. ते गिऱ्हाइकांच्या टेबलावर जाऊन बसतं, डाळीला फोडणी कशी हवी होती ते सांगतं, कोण कुठला, पोरंबाळं किती, चौकशा करतं, आणि कुणी घाबरत नाही म्हणून रुसतं. आवाज धड नव्हता, भुताची मिशी मध्येच निघून हातात आली होती. लोक पोट धरून हसले, पण स्पर्धेच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपला असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

बाकीच्या दोन परीक्षकांतला एक बहिणीच्या सिनेमाच्या बाजूचा, दुसरा चक्क भुताच्या; एकमत होईना, तेव्हा अध्यक्षांनी माईक मामीपुढे धरला. तिचा कौल कुठे जाणार हे उघडच होतं. बहीण तर पदर सावरून उभी राहू लागली होती.

मामी म्हणाली, "भुताचा पयला."

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. ती कुंभिवलीची पोरंसुद्धा एकमेकांकडे बघत बसून राहिली. मी आयुष्यात मामीचे पुष्कळ निकाल ऐकले होते, पण या वेळी मी खुर्चीतून अर्धवट उठलोच. बहीण स्टेजजवळ गेली आणि सगळ्यांदेखत तिने आईला विचारलं, "का गं आई?"

"तुजा सिनेमा लय देखणा हाय," मामी म्हणाली. "पण त्यात तुजा बाप गप बसलाय. तो कधी गप बसला होता काय गं? त्या भुतात तो जास्त हाय."

बहीण न जेवता पुण्याला निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस तिचा फोन नाही. मी मामीला समजावायला गेलो की लेकीसाठी एवढं केलं असतंस तर काय बिघडलं असतं. ती म्हणाली, निकाल तो निकाल. पण बोलताना तिची नजर माझ्या मोबाइलवर होती.

थंडीत एका रविवारी बहीण आपणहून आली. मीही तिथे होतो. मामी वाल सोलत बसली होती. बहीण तिच्याजवळ खाली बसली, परातीतले वाल घेऊन सोलायला लागली, आणि सोलता सोलता तिने विचारलं, की आई, बाबा एवढं काय बोलायचे?

मामीने मान वर केली नाही. तिच्या तोंडून एकदम मामांचा आवाज आला. तोच चढा, घोगरा, यंत्रावर मात करणारा. "आरं येड्या, मागं बघ. मागं बघ. दारामागं उभाय तो." बहिणीने हातातले वाल तसेच धरून ठेवले.

"थेटरात असंच ओरडायचा," मामी आपल्या आवाजात म्हणाली. "सगळी लोकं वळून बघायची. त्याच्या पायी एकाबी सिनेमातलं बोलणं मला कधी धड ऐकू आलं नाय."

तिने सोललेले वाल एका बाजूला केले.

"आता सगळं ऐकू येतं," ती म्हणाली.