देशमुखांचे दोन समुद्र

गल्फमध्ये माणसं देश सोडताना सामान वाटून जातात. आमच्या घरातला इडलीचा कुकर एका जबलपूरच्या कुटुंबाचा आहे, इस्त्रीचं टेबल कोट्टायमच्या एका नर्सचं, आणि बाल्कनीतल्या दोन खुर्च्या कोणाच्या ते आता मिलिंदलाही आठवत नाही. सामान मोडतं, झिजतं, आपणही पुढे कोणाला तरी देऊन टाकतो. किस्से मात्र कोणी परत नेत नाही आणि ते कोणाला देऊनही टाकता येत नाहीत. इतक्या वर्षांत आमच्याकडे त्यांचा एवढा ढीग झालाय की चहाला कोणी नवीन आलं की एखादा आपोआप घरंगळून खाली येतो. त्यातले बरेचसे देशमुखांचे.

देशमुख म्हणजे आशुतोष, विद्या आणि त्यांची ईरा. पुण्याचे. अजमानला कॉर्निशच्या, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्याच्या, मागे आमची बिल्डिंग आहे. ते चौथ्या मजल्यावर, आम्ही पाचव्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर. विद्या आणि मी एकाच शाळेत नोकरीला, ती शिकवायची, मी ऑफिसात. आशुतोष आणि माझा नवरा मिलिंद रोज एका गाडीतून शारजाचं ट्रॅफिक पार करून दुबईला जायचे. रोज दोन माणसं इतके तास एका गाडीत बसली की एक तर भांडण होतं, नाही तर भाऊ होतात. हे भाऊ झाले.

*

देशमुखांनी तो फ्लॅट घेतला तो फक्त समुद्रासाठी. विद्याचं लहानपण सोलापूरला गेलेलं. समुद्र दिसणारं घर हवं, एवढी एकच हौस तिने आयुष्यात बोलून दाखवली होती. एजंटने 'फुल सी व्ह्यू' म्हणून दाखवला आणि खरंच होता. पोळ्या लाटता लाटता तिला लाटा दिसायच्या.

मग समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पत्रे लागले, क्रेन आली, आणि टॉवर वर यायला लागला. विद्या रोज सकाळी मला इंटरकॉमवर सांगायची. आज वाळू गेली. आज ती होड्यांची रांग गेली. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या एका कोपऱ्यात, टॉवर आणि मशिदीच्या मिनाराच्या मध्ये, पाण्याची एक उभी चिरी उरली. तिने तिथे स्टूल ठेवलं. काही महिन्यांनी टॉवरवर हॉटेलची पाटी चढली आणि तीही गेली.

ती तावातावाने एजंटकडे गेली. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, समुंदर कहीं गया नहीं है. सिर्फ दिखता नहीं."

आशुतोषला हे वाक्य फार आवडलं. पुढे तो ते कशालाही लावायचा. इन्क्रिमेंट झालं नाही की म्हणायचा, कहीं गया नहीं, सिर्फ दिखता नहीं. आम्ही सगळे हसायचो. विद्या हसायची नाही.

*

सावंत आमच्याकडे आले एसी दुरुस्त करायला. वेंगुर्ल्याजवळचे. दुबईत अल क्वोजला कंपनीच्या खोलीत राहायचे, बायको-मुलं गावी. शिडीवर उभे असताना आमचं मराठी कानावर पडलं आणि वरूनच म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपल्याच?" त्यानंतर सुटीच्या दिवशी ते आमच्याकडे यायला लागले. येताना कधी बांगडे, कधी कोळंबी. सगळे मिळून आम्ही कॉर्निशवर फिरायला जायचो. पण सावंत कधी पाण्यात पाय घालत नसत. ईराने एकदा विचारलं, "Uncle, you can't swim or what?" ते नुसते हसले. नंतर मिलिंदला म्हणाले की या पाण्याला वासच नाही, मन होत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांचे वडील गेले. पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला गेलेला होता, हातात यायला वेळ होता. दहाव्याचे विधी धाकट्या भावाने तिकडे किनाऱ्यावर करायचे ठरले. त्या दिवशी सकाळी सावंतांचा मला फोन आला. इतकंच म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे समुद्र आहे ना. येऊ का?"

मिलिंद आणि आशुतोषने ऑफिसला दांडी मारली. ऊन असं की वाळूवर चप्पल घालूनही उभं राहवत नव्हतं. बीचवर आमच्याशिवाय कोणी नाही. सावंत पँट दुमडून गुडघाभर पाण्यात गेले. एका हातात फोन, त्यात भाऊ आणि भटजी. भटजी सांगतील तशी ते ओंजळ भरून सोडत होते, एकाच हाताची.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बीचवरचा गार्ड हात हलवत पळत आला. त्या दिवशी लाल झेंडा होता, पाण्यात जायला बंदी. पेशावरकडचा असावा, उंच, दाढी पांढरी झालेली. आशुतोष पुढे होऊन इंग्लिशमध्ये समजावायला लागला, पण सावंतांनीच मान वळवून सांगितलं, "बाप गुजर गया, भाई. उधर."

गार्डने सावंत हात करत होते त्या दिशेला बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली, आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. कोणी विचारलंच तर आपण काही पाहिलं नाही असं सांगता यावं म्हणून असेल. विधी संपेपर्यंत तो हलला नाही.

वर घरी आल्यावर मी सावंतांना पाणी दिलं. ते ग्लास हातात धरून बसले. मग म्हणाले, "पाणी गरम होतं, वहिनी. बाबांना गार पाणी लागायचं."

*

देशमुखांचं जायचं कसं ठरलं, तो किस्सा आशुतोष कधी सांगायचा नाही. मिलिंदने सांगितलेला आहे.

आशुतोषच्या ऑफिसात एक फार जुने मॅनेजर होते, याला कामाला लावणारे तेच. एका दुपारी त्यांना वर बोलावलं आणि तासाभरात ते खाली आले ते ऑफिसचं कार्ड देऊनच. आशुतोष त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेला. टॅक्सीवाल्याने नेहमीसारखं विचारलं, "किधर जाना है, सर?" ते गृहस्थ काही बोलेचनात. नोकरी गेली की इथला व्हिसाही जातो, आणि मुलं इथेच जन्मलेली, गावचं घर भावांत विकून झालेलं. टॅक्सीवाल्याने पुन्हा विचारलं. तेव्हा ते आशुतोषकडे बघून म्हणाले, "तूच सांग याला."

त्याच आठवड्यात देशमुखांनी ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची चौकशी सुरू केली.

*

पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायचा परवाना, यायला बराच काळ गेला. आला तेव्हा विद्या जिना चढून धावत वर आली. पर्थच्या बाहेर, समुद्राकाठच्या एका उपनगरात घर बघितलं होतं. बैठं घर, मागे अंगण, आणि समोर बांधकामाला जागाच नाही. ती म्हणाली, "शुभा, आता कोणी माझ्या समुद्रासमोर काही बांधू शकत नाही."

जायच्या दिवशी मी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण. ती रडली, मी रडले. ओटी तिने हँडबॅगेत ठेवली. सामानात टाकायला तयार होईना.

पर्थच्या एअरपोर्टवर क्वारंटाइनवाल्याने बॅग उघडायला सांगितली. विद्याने आधीच सगळं खरं लिहून दिलं होतं, त्यामुळे तो तिच्याशी फार अदबीने वागला. हातमोजे घातले आणि एकेक वस्तू बाजूला काढली. नारळ नाही. सुपारी नाही. हळकुंड नाही. तांदूळसुद्धा नाही. सगळं एका पिवळ्या डब्यात गेलं. मग त्याने खण उलगडून झटकला, त्यात अडकलेला तांदळाचा एक दाणा चिमटीने काढला, आणि घडी घालून तो तिला परत दिला. म्हणाला, "हे तुम्ही ठेवू शकता. वेलकम टू ऑस्ट्रेलिया."

हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मधेच थांबली आणि फोन आशुतोषकडे दिला.

*

तिकडच्या घराची तिने मला व्हिडिओवर फेरी घडवली. खरंच सुंदर होतं. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, आणि मैलभर माणूस नाही. मी म्हटलं, विद्या, स्वर्ग आहे गं. ती म्हणाली, हो, स्वर्गातही इतकीच शांतता असेल.

संध्याकाळी पाचनंतर तिथे दुकानं बंद. शेजारी चांगले, भेटले की हवेबद्दल बोलायचे आणि दार लावून घ्यायचे. तिला पहिल्यांदा रस्त्यावर गर्दी दिसली ती एका संध्याकाळी, धूसर उजेडात. घराघरासमोर कोणी तरी उभं आहे असं वाटून ती उत्साहाने शाल घेऊन बाहेर गेली. बघते तर कचऱ्याचे डबे. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची होती म्हणून सगळ्यांनी आपापले डबे बाहेर आणून ठेवले होते.

"मी त्यातल्या एकाला जवळजवळ गुड इव्हिनिंग म्हणणार होते," ती म्हणाली.

ईराचं वेगळंच. अजमानला आम्ही सगळ्यांनी किती डोकं फोडलं, पण पोरगी इंग्लिशशिवाय उत्तर द्यायची नाही. तिकडे गेल्यावर सुपरमार्केटमध्ये ती आईशी एकदम मराठीत बोलायला लागली. विद्याला आनंद झाला. काही दिवसांनी तिने विचारलं की हे कसं काय. ईरा म्हणाली, "म्हणजे त्यांना आपलं इंग्लिश ऐकू येत नाही ना."

*

पहिल्या वर्षी पितृपक्षात आशुतोषच्या वडिलांची तिथी आली. विद्याने साग्रसंगीत स्वयंपाक केला. खीर, वडे, सगळं. केळीचं पान मिळालं नाही म्हणून कागदी प्लेट. मागच्या कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि दोघं हात जोडून उभे राहिले.

कावळा होता. तिकडचा कावळा लहान मूल रडावं तसा ओरडतो म्हणे. विजेच्या तारेवर बसून तो रडत राहिला, खाली येईना. आशुतोष एकेक आश्वासन द्यायला लागला. आईकडे लक्ष ठेवीन. ईराला शिकवीन. भावाशी वाकडं वागणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी आशुतोष म्हणाला, "बाबा, परत येईन." आणि त्याच क्षणी कुठून तरी सीगलची झुंड आली. मिनिटभरात प्लेट साफ, वर आपसात मारामारी.

विद्याने मला फोन केला. "शुभा, सीगल चालतो का गं?"

मी म्हटलं, चालतो. समुद्राकाठचा कावळाच तो. मला काय माहीत, पण दुसरं काय म्हणणार?

मागून आशुतोषचा आवाज आला. "बाबांनी जन्मात सीगल पाहिला नव्हता. तो त्यांच्या वतीने कसा खाईल?"

पुढचे कित्येक दिवस ते पक्षी त्यांच्या छपरावर रांगेत बसून होते. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून नम्रपणे सांगून गेले, की इकडे पक्ष्यांना खायला घालत नाहीत, त्यांना सवय लागते.

*

वर्षं गेली. सावंतांची कंपनी बंद पडली, ते आता गावीच असतात. ईरा युनिव्हर्सिटीत गेली, दुसऱ्या शहरात राहायला लागली. आमच्याखाली चौथ्या मजल्यावर तिसरं कुटुंब आलं. मिलिंद आता दुबईला एकटाच गाडी चालवत जातो.

आणि आशुतोष विसरायला लागला. सुरुवातीला शब्द. मग गाडी कुठे लावली ते. मग घरासमोरच्या बीचला तो कॉर्निश म्हणायला लागला. विद्याने दुरुस्त केलं की ऐकायचा, आणि पुन्हा कॉर्निशच म्हणायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव तिने मला एकदाच सांगितलं. परत तो शब्द उच्चारला नाही. पंचावन्नही नव्हतं वय. तिने नोकरी अर्धवेळ केली, दाराला वरची कडी लावून घेतली.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. म्हणजे तिकडचा उन्हाळा. आमच्याकडे दुपारचा एक वाजला होता, मिलिंद खाली भाजी आणायला गेला होता. माझ्या मोबाइलवर आशुतोषचं नाव आलं. फार दिवसांनी. मी उचलला तर कोणी बाईमाणूस, ऑस्ट्रेलियन.

ती म्हणाली, माफ करा, मी बीचवर कुत्र्याला घेऊन आले होते. इथे बाकावर एक गृहस्थ बसलेत. त्यांना घर सापडत नाहीये. त्यांनीच फोन उघडून तुमचं नाव दाखवलं. म्हणतायत की तुम्ही बरोबर त्यांच्या वरच्या मजल्यावर राहता. तुम्ही जरा खाली येऊ शकाल का?

मी तिला म्हटलं, त्यांना सोडून जाऊ नका, आणि फोन त्यांच्याकडे द्या. एकीकडे लँडलाइनवरून विद्याचा नंबर फिरवत होते. तो दोनदा चुकला.

"कोण, शुभांगी का?" आशुतोषचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता. "अगं, लिफ्ट कुठे गेली आपली?"

लँडलाइनवर विद्याने उचललं. मी तिला एवढंच सांगितलं, बीचवर, बाकावर, पळ. आणि मोबाइल कानाला लावला.

"आशुतोष, तिथेच बस. उठू नकोस. मिलिंदला पाठवते खाली."

"बरं," तो म्हणाला. मग, माझी समजूत काढावी तसा, "सावकाश येऊ दे त्याला. दिवसभर गाडी चालवून दमला असेल."