सलीमभाईने बसवलेला बेल्ट

भानुदास अण्णांच्या हातात मी भेगा पडलेला जो बेल्ट ठेवला, तो त्यांच्या गाडीचा नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेजारच्या टायरवाल्या बाबूरावला नाही. अंबडमध्ये माझं नाव झालं ते ज्या कामामुळे, तेच हे काम. आणि काम चोख होतं, हेही आधीच सांगून टाकतो. त्याबद्दल माझी मान आजही ताठ आहे. बाकीच्याबद्दल नाही.

गाडी जॅकवर होती आणि अण्णा एकच गोष्ट परत परत सांगत होते.

"ऑइल बदला, फिल्टर बदला. बेल्टला हात लावू नका मिस्तरी. बेल्ट नवा हाय."

"कुणी सांगितलं?"

"सलीमभाईनं. जाफराबादच्या. त्यानंच टाकलाय."

आधी अण्णांबद्दल. ते कुंभार पिंपळगावचे. घराणं मेंढरांचं; वडील कळप घेऊन फिरत, अण्णांनी शेती धरली, पण थोडी मेंढरं दारात ठेवलीच होती. मग त्यांच्या मंडळींच्या, गयाकाकूंच्या, किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जालन्याला डायलिसिस. जाताना काकू एसटीनं कशाबशा जायच्या, पण येताना त्यांना बसमध्ये उभंसुद्धा राहवायचं नाही. शेवटी अण्णांनी मेंढरं विकली आणि जाफराबादच्या एका ठेकेदाराची वापरलेली डिझेल एसयूव्ही घेतली. विकण्याआधी ठेकेदारानं सलीमकडून बेल्ट बदलून दिला होता, आणि गाडी कशासाठी घेतोय हे अण्णांनी सलीमला सांगितलं होतं. गावातले आणखी दोन पेशंट त्याच गाडीतून जाऊ लागले. डायलिसिसची एक खेप चुकली की अंगावर सूज येते, दम लागतो. तेव्हा त्या गाडीनं रस्त्यात बंद पडून चालणारच नव्हतं.

आता बेल्ट म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात खाली पिस्टन आणि वर व्हॉल्व्ह असतात. दोघांनी एका तालात चालायचं असतं. तो ताल धरणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. सगळ्या इंजिनांना तो नसतो, काहींना चेन असते. या गाडीला बेल्ट होता. तो कव्हरखाली असतो, बाहेरून दिसत नाही. तुटण्याआधी बहुतेक वेळा काही बोलतही नाही. पण चालत्या गाडीत तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन जागेवर बसतं. म्हणून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला.

नव्या गाडीला हा हिशोब सोपा असतो. वापरलेल्या गाडीचा अर्धा जन्म दुसऱ्याच्या दारात गेलेला असतो. मी जालन्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काही वर्षं काढली, तिथे मीटर बघून काम ठरायचं. स्वतःचं गॅरेज टाकल्यावर मी मीटर शेवटी बघायला लागलो. आधी मालकाला बोलतं करायचं.

"अण्णा, डायलिसिस चालू असताना गाडी कुठं असते?"

"हॉस्पिटलसमोर."

"बंद करून?"

"बंद कशाला? ऊन किती असतं. एसी लावून बसतो आम्ही. बाकीच्यांचे पाव्हणेबी येऊन बसतेत."

"म्हणजे चार-चार तास इंजिन चालूच."

"पण गाडी तर जागेवरच असती की. किलोमीटर कुठं पडतेत?"

हीच तर गंमत आहे. गाडी उभी, मीटर उभा, पण आत इंजिन फिरतंच आहे. बेल्ट झिजतोय, बेअरिंग झिजतंय. मीटरवर त्याचा पत्ता नाही.

"सकाळी स्टार्ट केल्यावर काही आवाज?"

"येतो थोडा. चिमणी वरडल्यावानी. गरम झाली की जातो."

"आणि कूलंट?"

"पाणी व्हय? टाकावं लागतं मधून मधून. सगळ्याच गाड्यांला लागतं ते."

सगळ्याच गाड्यांना लागत नाही. इंजिन थंड ठेवणारं हे कूलंट बंदिस्त नळ्यांतून फिरतं. ते कमी होतं म्हणजे कुठून तरी जातं. सकाळचा बारीक आवाज आणि कमी होणारं कूलंट, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की बोट कुठं जायला हवं हे मला पक्कं माहीत होतं. मला म्हणायचं होतं की उघडून बघावं लागेल. एवढंच पुरे होतं.

पण मधे सलीमचं नाव आलं होतं.

सलीम आणि मी जालन्यात एकाच उस्तादकडे शिकलो. उस्ताद म्हणायचे, "राजू का दिमाग तेज है, सलीम का हाथ साफ है." मला त्यातलं दुसरंच ऐकू यायचं. मी गॅरेज टाकलं, बोर्ड लावला, स्कॅनर घेतला. सलीम जाफराबादला पत्र्याखाली काम करत राहिला. तरी त्याचं गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून मला सांगत होतं की बेल्टला हात लावू नका.

बाबूराव तिथेच होता. दोन-तीन गिऱ्हाइकं चहा घेत होती. मी हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बेल्ट गेलाय अण्णा. तुमच्या सलीमभाईनं टाकलेलाच नाही. लिहून देतो."

अण्णा म्हणाले, "सलीमभाई खोटं बोलायचा न्हाई."

"मग उघडू. काय ते दिसंल."

"परवा शुक्रवार हाय मिस्तरी."

"उद्या संध्याकाळी गाडी देतो."

"आन् न्हाई झाली तर?"

"तर काकूंना माझ्या गाडीतून मी घेऊन जातो. तुम्ही घरी बसा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, चावी टेबलावर ठेवली आणि एसटी स्टँडकडे चालते झाले.

या कामाला घाई चालत नाही. पुढचं चाक काढायचं, इंजिनाला खालून टेका द्यायचा, इंजिन धरून ठेवणारा बाजूचा माउंट सोडायचा. मग इंजिन ठरलेल्या जागी फिरवून पिना लावून लॉक करायचं. एक दात इकडचा तिकडे झाला तर नवा बेल्ट टाकूनही इंजिन जातं. मी कव्हर उतरवलं.

बेल्ट नवा होता.

पाठीवरची कंपनीची अक्षरं वाचता येत होती. दाते धारदार. मी तो उलटा दुमडून बघितला, एक भेग नाही. सलीमनं जे सांगितलं होतं तेच, तसंच, साफ हातानं बसवलेलं होतं.

मग मी वॉटर पंपाला हात लावला. हा पंप इंजिनात कूलंट फिरवतो, आणि या इंजिनात त्याला फिरवतो तोच टायमिंग बेल्ट. पुली हातात धरून हलवली तर डुलली. फिरवली तर आत खडे असल्यासारखी वाजली. खाली वाळलेल्या गुलाबी कूलंटचा ओघळ. पंपाचं बेअरिंग संपलं होतं. ते एकदा अडकलं असतं की कालचा बेल्ट असो की आजचा, त्याचे दाते सोलून निघाले असते. मंगळवारी नाही तर शुक्रवारी, पण निघालेच असते. सलीमनं बेल्ट बदलताना पंप जुनाच ठेवला होता. बरेच जण ठेवतात. पंपाची वेळ पुस्तकात वेगळी असते, आणि ठेकेदारासारखा मालक असला तर जादा खर्चाला तयार होत नाही.

म्हणजे उघडायचा माझा निर्णय बरोबर होता. हे मी शरमेनं नाही, छाती काढून लिहितो. मीटर बघून, पुस्तक बघून कुणीही ऑइल बदलून ती गाडी सोडली असती. मी पंप बदलला, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला, बेल्टला वळण देणारी आयडलर पुली बदलली. बेल्टही बदलला, कारण त्याच्या एका कडेला कूलंट लागलं होतं आणि कूलंट लागलेलं रबर परत बसवायचं नसतं. इंजिन हातानं दोनदा पूर्ण फिरवून खुणा तपासल्या. मग स्टार्ट. चिमणी गेली होती. इतकं नितळ इंजिन ऐकून मी थोडा वेळ नुसताच उभा राहिलो.

अण्णांना सांगायची राहिली होती दोन वाक्यं. अण्णा, बेल्ट नवाच होता, सलीमभाई खरं बोलला. खराब होता तो पंप.

आमच्यात एक रीत आहे. जो पार्ट बदलला, तो जुना पार्ट नव्याच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्यावरच गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. माझ्या गॅरेजमागे जुन्या बेल्टांचा ढीग असतो, शेतकरी फाटकं बांधायला नेतात. मी मागे गेलो. तेवढ्याच रुंदीचा एक बेल्ट उचलला, पुसला, खोक्यात घातला. सलीमचा बेल्ट ढिगात टाकला. जुना पंप भंगारात.

संध्याकाळी अण्णा आले. त्यांनी खोकं उघडलं, बेल्ट वाकवला. भेगा उघड्या पडल्या.

बाबूराव ओरडला, "आयला! मिस्तरी, नुस्त्या कानानं वळखलं की तुमी!"

अण्णांनी खिशातून फोन काढला, सलीमला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सलीमभाई, बेल्ट टाकल्ता म्हणले तुमी."

"टाकल्ता ना अण्णा. बिलकुल नवा."

"माझ्या हातात हाय तो. नख जाईल एवढ्या भेगा पडल्यात."

तिकडे हातोड्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"ऐसा कैसा? मी माझ्या हातानं टाकलाय अण्णा. गाडी कुठं खोलली?"

"अंबडला. राजू मिस्तरीकडं."

"राजाभाऊ हाय का तिथं? मंग त्याला द्या फोन. त्याला समजतं. तो बराबर सांगल."

अण्णांनी फोन माझ्यापुढे धरला. माझे हात ग्रीसनं भरलेले होते. मी वाकून म्हणालो, "सलीमभाई, काम चालू आहे. नंतर बोलतो." आणि अण्णांनी फोन बंद केला.

"माझी बायको बसती त्या गाडीत," अण्णा म्हणाले. "त्याला म्हाईत होतं." आवाज चढला नव्हता. बेल्ट त्यांनी गुंडाळून पिशवीत ठेवला.

शुक्रवारी गाडी वेळेवर गेली. परतताना गॅरेजसमोर थांबली. गयाकाकूंनी काच खाली केली आणि थकल्या आवाजात म्हणाल्या, "गाडी गप झाली बगा मिस्तरी. मला झोप लागली जाताना." त्या वेळी मला जे वाटलं ते कुठल्याही सर्टिफिकेटनं वाटलेलं नाही. ती गाडी आजही चालते. कूलंट एक थेंब कमी होत नाही. काकूंचं एकही डायलिसिस गाडीमुळे चुकलं नाही.

बाबूरावनं गोष्ट गावभर केली. कानानं बेल्ट ओळखणारा मिस्तरी. घनसावंगीकडून गाड्या आल्या, मग भोकरदनकडून. आणि एक दिवस जाफराबादची एसयूव्ही दारात उभी राहिली.

"कुणी पाठवलं?" मी विचारलं.

"सलीमभाईनं. म्हणला बेल्टचं काम असंल तर अंबडला राजाभाऊकडं न्या. मी आता बेल्टला हात लावत न्हाई म्हणला."

ते काम मी केलं. चांगलं केलं.

सलीम नंतर भेटला जालन्यात, स्पेअर पार्टच्या दुकानात. दाढी पांढरी झालेली. त्यानंच चहा सांगितला.

"राजाभाऊ, एक विचारू? त्या बेल्टवर नाव कोणतं होतं?"

"झिजलं होतं. वाचता येत नव्हतं."

"हां." त्यानं मान हलवली. "मंग डुप्लिकेटच असंल. मी ज्याच्याकडून घेतला त्याला लई बोललो यार. वीस वर्षांची दुकानदारी तोडली त्याच्याशी. आपल्या हातातून असं जातं म्हणजे काय."

मी चहा संपवला आणि बिल भरून निघालो. पहिल्या वेळी, फोनवर, मी उत्तर टाळलं होतं. या वेळी तोंडानं खोटं बोललो.

वापरलेली डिझेल गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. मीटरवर निर्णय घेऊ नका. इंजिन उभ्या उभ्या किती चालतं ते मोजा. बेल्ट बदललाय असं कळलं तर पंप आणि टेन्शनर बदललाय का, ते वेगळं विचारा. कूलंट कमी होत असेल तर त्याला सवय समजू नका. आणि मिस्तरीनं जुना पार्ट हातात दिला म्हणजे तो तुमच्याच गाडीचा आहे असं धरून चालू नका. काम चालू असताना समोर उभे राहा.

सलीमभाईचा बेल्ट नवा होता. त्याचं काम खरं होतं, त्याचा शब्द खरा होता. हे मला कुंभार पिंपळगावला अण्णांच्या ओट्यावर, सलीमला शेजारी बसवून, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.