हात लावून सांगा

"पाठ! पाठ बघा तुमची!" टीचर म्हणाल्या आणि ताल धरायच्या लाकडी काठीचं टोक माझ्या कण्यावर टेकवलं. दाबलं. मी ताठ झाले. शेजारी विद्याही तशीच वाकली होती. टीचर तिच्याकडे वळल्या, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा तळवा तिच्या पाठीवर सपाट ठेवला. "इथून श्वास घे, कण्णा," त्या लाडाने म्हणाल्या. " माझा हात वर उचलला गेला पाहिजे."

विद्याचा श्वास त्या हाताखाली भरला. मी बघत राहिले.

मी सत्तेचाळीस वर्षांची. अंबत्तूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. एकोणीस वर्षं वाकून सुटे भाग मोजले. खांदे पुढे आले, दोन जिने चढले की धाप लागायची. म्हणून अड्यारला मोठ्या बायकांच्या गाण्या-नाचाच्या वर्गात नाव घातलं. गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं, पाठ सरळ, आणि तसंच गायचं. पहिल्या आठवड्यात माझा सूर नऊ मात्रा टिकला. अकराव्या महिन्यात एकवीस. अंगात जोर आला होता. आरशासमोर मी थांबायला लागले होते.

टीचर तंजावरच्या मराठी घरातल्या. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झाल्या. "आमच्यातल्याच की काय?" मी म्हटलं, आम्ही सोलापूरचे, वडील कामासाठी इथे आले. "काय करत होते?" "कारखान्यात सफाई कामगार."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे वळल्या.

मला काठीच का, हे कळत नव्हतं. वाटलं, घामाचा वास येत असेल. शनिवारी अर्धी शिफ्ट करून घरी यायचे, दुसऱ्यांदा अंघोळ, धुतलेला कुर्ता, मानेला पावडर. तरी काठीच.

उगाच कुणावर आळ नको म्हणून चार शनिवार मोजलं. बाकी सहाजणींना मिळून एकतीस वेळा हात. मला अकरा वेळा काठी. हात शून्य.

पाचव्या शनिवारी काठी टेकली, तेव्हा मी हात मागे नेऊन ती धरली.

"टीचर, हात लावून सांगा."

"काय बोलताय? मी सगळ्यांना सारखंच शिकवते."

"मग लावा."

सहाजणी अर्ध्या बसलेल्या, तशाच राहिल्या. टीचरांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. मग तो पदराला पुसला. मला लावलाही नव्हता, तरी पुसला.

"या वयात एवढा राग बरा नाही, अम्मा. श्वास बिघडतो."

विद्या तमिळमध्ये पुटपुटली, सोडा ना आंटी. मी काठी सोडली. चपला घातल्या. बसमध्ये रडले. अपमानाचं होतंच. पण अकरा महिने मला त्याच बाईचा हात हवा होता, ते जास्त लागलं.

घरी सांगितलं, गुडघा दुखतो. वार्षिक कार्यक्रमात एक ओळ मी एकटीने, एका श्वासात गाणार होते. कार्यक्रम माझ्याशिवाय झाला. आता घरी उभी राहते, तर सूर बाराव्या मात्रेला तुटतो. रोज मोजते. रोज बारा.

काल मुलगी म्हणाली, "आई, नीट चालतेस की आता. क्लास परत कधी?"

"गुडघ्याला काही झालंच नव्हतं."

"मग?"

सांगितलं. आकड्यांसकट. ती सोळा वर्षांची आहे. शेवटी एवढंच म्हणाली, "पण मग खोटं तू का बोललीस?"

तसं वागल्या टीचर, आणि लाज मी घरात दडवून ठेवली होती. तीन महिने.

आता नाही. शेजारीण विचारो, कारखान्यातलं कुणी विचारो, एकच सांगणार. टीचरांनी मला हात लावला नाही, कारण माझे वडील झाडू मारायचे. याच शब्दांत. आवाज न उतरवता.

आज संध्याकाळी पहिला फोन विद्याला.