लॅबताईंची घाई

लॅबताईंना खुर्चीत स्वस्थ बसलेलं मी क्वचितच पाहिलं. लातूरच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत त्या टेस्टर होत्या; आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. स्वतःचं टेबल सोडून त्या कुणाच्या तरी पाठीशी उभ्या असायच्या, चष्म्याची दांडी बोटांत फिरवत. मूळच्या शिरूर अनंतपाळच्या. बारा-चौदा वर्षं त्यांनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली होती, म्हणून आमच्यासाठी त्या लॅबताई. आम्ही लॅबच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, तेव्हा सरांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं.

सर नुकतेच पुण्याहून ‘अजाइल’ नावाची कामाची नवी पद्धत शिकून आले होते. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांचा फळा लागला. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं ते सांगायचं ठरलं. तपासणी मात्र पूर्वीसारखीच, सगळं लिहून झाल्यावर, शेवटच्या दोन दिवसांत. ताईंना ते पटेना. म्हणायच्या, “पहिली भाकर तव्यावर टाकून बघतोच की आपण. का सगळं पीठ थापून झाल्यावर चूल पेटली का बघतो?”

मला त्यांचा जाच वाटायचा. चार ओळी लिहिल्या की मागून प्रश्न. पेशंटचं वय टाकलंच नाही तर? मधेच लाइट गेली तर? पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, एकाच नावाचे दोघं एकाच दिवशी आले तर? शेवटी बघू, असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. शेवटी वेळ उरला नाही. तपासणीच्या शेवटच्या दिवशी ताई रजेवर होत्या. त्यांनी फळ्यावर लावलेली त्या प्रश्नाची चिठ्ठी मीच उचलून ‘नंतर’च्या रकान्यात लावली.

महिन्याभरात नांदेडच्या एका लॅबमधून फोन आला. संगीता कदम नावाच्या दोन बायकांचे रिपोर्ट उलटसुलट गेले होते. एकीला काही नसताना शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ती चक्कर येऊन पडली, म्हणून घोळ कळला. जिची शुगर खरोखर वाढली होती, ती ‘सगळं नॉर्मल’ असा कागद घेऊन घरी गेली होती. तिचा फोन लागत नव्हता.

ताईंनी पर्स उचलली. मीही मागोमाग निघालो. बसमध्ये त्यांनी एकच विचारलं, “चिठ्ठी कुणी हलवली?” मी म्हणालो, मी. लोहा मागे पडेपर्यंत त्या त्या बाईचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लॅबमधून पत्ता घेऊन आम्ही जीपनं नायगावकडच्या एका गावात पोचलो. बाई शेतात कापूस वेचत होती. रिपोर्ट चांगला आलाय, असं तीच आम्हाला सांगू लागली. बोलताना तिनं दोनदा तांब्या तोंडाला लावला. ताईंनी तिच्या सासूला समजावलं आणि तिला त्याच जीपमधून नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर अवघड होतं.

दुसऱ्या सकाळी सगळे उभे असताना मी चूक कबूल केली. ताईंनी मला मधेच थांबवलं. “त्याच्या एकट्याची न्हाई. पुढं ढकलायची सवय आपल्या सगळ्यांलाच हाय.”

त्यानंतर आम्ही दोघं शेजारी बसू लागलो. एक ओळ लिहिण्याआधी ती कशी तपासायची, ते ठरवायचं. रोज थोडंसं करायचं, त्याच दिवशी तपासायचं. सुरुवातीला काम इतकं हळू चाललं की सर वैतागले. मग गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन कमी होत गेले आणि सरांची कुरकुर थांबली.

दोन वर्षांनी ताईंच्या यजमानांची किनवटला बदली झाली. शेवटच्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत माझं काम उलटंसुलटं करून बघत होत्या. “आज कायबी सापडलं न्हाई,” त्या म्हणाल्या, “जीव लागंना माझा.”

तीन आठवड्यांनी मलाच एक चूक सापडली. नाव न ठेवलेल्या तान्ह्या बाळाचा रिपोर्ट आमचं सॉफ्टवेअर घेतच नव्हतं. मी ते दुरुस्त केलं आणि मोठ्या आनंदात किनवटला फोन लावला. ‘बाळ’ लिहून पुढे आईचं नाव घेतो आता, असं सांगितलं.

ताई म्हणाल्या, “अन् जुळी असली तर?”

बघून उद्या सांगतो, म्हणालो.

“आत्ताच बघ की,” त्या म्हणाल्या. “मी फोन धरून थांबते.”