तीन कोटेशनांचं घर

जव्हारचं घर विकायला काढलं तेव्हा मी ते एकाच वेळी तीन एजंटांकडे दिलं, आणि तिघांनाही सांगितलं, "फक्त तुम्हालाच सांगतोय हां."

ह्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही, कारण माझी सगळी नोकरी मोखाड्याच्या एका सरकारी कचेरीत, खरेदीच्या टेबलावर गेली. तीन कोटेशनं आल्याशिवाय आम्ही साधा झाडूही घेत नसू. खरेदीला जे लागतं ते विक्रीला नको, असं मला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे सांगितलं होतं, बायकोनं. पण ती आमच्या ऑफिसातली नव्हती.

मुलगी नाशिकला, पहिलंच बाळंतपण. तिच्याच सोसायटीत एक फ्लॅट रिकामा होता. हे घर गेलं की तो घ्यायचा आणि बाळ यायच्या आत बिऱ्हाड तिकडे हलवायचं, हा बायकोचा बेत.

"समोरच्या हार्डवेअरवाल्याला द्या," ती म्हणाली. "शेजाऱ्यांचं घर त्यानंच विकलं. एकावर सोपवलं की तो जीव लावून करतो."

"आणि त्यानं भाव पाडला तर? स्पर्धा हवी, स्पर्धा!"

हार्डवेअरवाल्याला दिलं. मग जव्हार-मोखाडा जीप चालवता चालवता घरं नि प्लॉट खपवणाऱ्या एकाला दिलं. तिसरा मोखाड्याच्या तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारा, माझा जुना चहाचा सोबती. प्रत्येकाला भाव वेगळा सांगितला, कोण किती ताणतो ते बघायला. जव्हारचं गुपित मोखाड्याला पोचायला जीप भरेपर्यंतचाच काय तो वेळ लागतो, हे नोकरीभर त्याच जीपनं ये-जा करून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक हार्डवेअरवाल्यानं आणलं. खोडाळ्याचे एक शिक्षक. मुलीला इथं कॉलेजात घालायचं म्हणून त्यांना घर हवं होतं. सर खूश होऊन गेले. पुढच्या बाजाराला मोखाड्याच्या जीपमध्ये बसले, तर चालक तेच घर त्यांना कमी भावात देऊ लागला. सर चक्रावून तहसीलबाहेर चौकशीला गेले. तिथं अर्जवाल्याकडे तिसराच भाव! आता दुसऱ्याचा भाव वेगळा का, हे प्रत्येक एजंटाला सरांना सांगणं भागच होतं. खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, मग ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं.

सर एकटेच आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"काका, राग नका मानू. पण भावकीत केस चालू आहे म्हणतात."

"अहो, मला भाऊच नाही!"

"हो का? आणि मागची भिंत खचतेय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कोण नाही म्हणालं ते विचारा, काका."

चहासुद्धा न घेता गेले.

त्यानंतर दाराकडे कुणी फिरकेना. मी हार्डवेअरवाल्याला गाठलं. तो खिळे तोलत होता.

"अरे, गिऱ्हाईक आण की!"

"पेट्रोल मी जाळायचं, घर मी दाखवायचं, आणि कमिशन जीपवाल्यानं खायचं? तुमची स्पर्धा संपली की कळवा, काका."

जीपवाल्यानं तर मला मागच्या फळीवर बसवायला सुरुवात केली. नोकरीभर मी पुढे, त्याच्या शेजारी बसलेला माणूस!

मुलीला नववा लागला. बायकोनं बॅग भरून दारात ठेवली.

"मी चालले नाशिकला. तुम्ही बसा इथं, भाव फुटायची वाट बघत."

"अगं, पण..."

"फोन द्या इकडे."

तिनं तिघांनाही फोन लावले. दोघांची माझ्या वतीनं माफी मागितली, मला न विचारता. हार्डवेअरवाल्याला म्हणाली, "दादा, आता हे काम तुमच्या एकट्याचं. भाव एकच. ह्यांनी मध्ये तोंड घातलं तर मला सांगा." आणि बॅग तिथंच ठेवून आत गेली. थांबली, पण बॅग काही उघडली नाही.

तो माणूस असा कामाला लागला की मला ओळखू येईना. उतारे काढले, गवंडी आणून मागची भिंत तपासून घेतली, आणि सगळे कागद घेऊन खोडाळ्याला सरांच्या घरीच जाऊन बसला. रविवारी सर आले, सोबत म्हातारी आई.

आजींनी भिंत थोपटून पाहिली, नळ सोडले, ओट्याखाली वाकून बघितलं. मी त्यांच्या मागोमाग, तीन एजंट नेमण्यामागचं माझं धोरण समजावून सांगत. खोल्या संपल्या, धोरण संपलं नव्हतं. शेवटी आजी ओटीवर टेकल्या आणि त्यांनी स्वतःहून चहा मागितला. दारातल्या बॅगेशेजारी उभ्या बायकोनं विचारलं,

"काय आजी, पटलं का?"

आजींनी बशीतला चहा संपवला.

"घर बेस हाय, बाई. आमचं नक्की." मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाल्या, "पण जाताना ह्यांना घेऊन जा. हे आमाला नको."