तहानलेल्या ज्वारीचा घास

मी आर्वीच्या दुकानदाराची लेक. ज्वारी माहीत होती ती पोत्यातली. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन नाचणगावजवळच्या एका खेड्यात आले आणि पहिल्याच श्रावणात पावसानं दडी मारली. भर दुपारी शेतात गेले, तर गुडघ्याएवढ्या ज्वारीची सगळी पानं सुरळी होऊन उभी. मेलीच की! मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून रडायलाच लागले.

"काऊन रडून राह्यली?" सासरे हसले. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. "मेली नाई ते. उद्या पहाटी येजो माह्यासंगं."

पहाटे गेलो तर काय! तीच पानं उलगडलेली, हिरवीगार. मी आनंदानं ओरडलेच. मामाजींनी सांगितलं, उन्हात ज्वारी अंग चोरते, म्हणजे अंगातलं पाणी उडत नाही. वाढ थांबवते आणि पावसाची वाट पाहते. शेजारच्या तासात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी होती. तिच्याखाली पात्यांचा, न उमललेल्या कळ्यांचा, सडा पडला होता. "सारी पोसनं होत नाई, तं थोडी टाकून देते ते," मामाजी म्हणाले.

मला वेडच लागलं. रोज पहाटे शेतात पळायचं, पानं उलगडताना पाहायची, घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटायचं. सासूबाई म्हणत, "नवी सून देवाच्या आधी ज्वारीचं दर्शन घेते."

पोळ्याचा आदला दिवस आला. संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना आवतन द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. यंदा तो मान नव्या सुनेला मिळाला. खांदे चोळून मी बैलांच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेवढ्यावर गप्प बसेन तर मी कसली! बिचारे महिनाभर वाळका कडबा चघळत होते. म्हणून दुपारीच गुपचूप शेतातून कोवळ्या ज्वारीची पेंढी आणून ठेवली होती. ती काढली आणि जोडीतल्या पांढऱ्या बैलाच्या तोंडाशी धरली. कशी मिटक्या मारत खात होता! मी हरखून गेले.

"काय चारून राह्यली, बाई!" मामाजी धावत आले आणि पेंढी हिसकून त्यांनी लांब भिरकावली. मी काही विचारायच्या आत पांढऱ्याला धाप लागली. तोंडातून लाळ गळू लागली, पाय लटपटले आणि तो मटकन खाली बसला. "गूळ आन! घरात हाये तेवढा सारा आन!" मामाजी ओरडले.

पुरणासाठी आणलेली गुळाची सगळी ढेप आम्ही फोडली, पाण्यात कालवली आणि बांबूच्या नळ्यानं त्याच्या घशात ओतत राहिलो. हा मेला तर मी या घरात तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं. खूप वेळानं त्याचा श्वास संथ झाला. मग तो उठून उभा राहिला आणि मी गोठ्यातच हमसून हमसून रडले.

मामाजी रागावले नाहीत. "पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी जहर धरते," ते म्हणाले. "जिती हाये ना ते. तिलेही आपला जीव राखाचा असते. तुले सांगाले पायजे होतं, माहंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी पुरण झालंच नाही. साध्या पोळ्यांचं ताट घेऊन सासूबाई गोठ्याकडे निघाल्या, तर मामाजींनी ते ताट माझ्या हाती दिलं. "आवतन हिनं देलतं. हेच चारन."

मी मान खाली घालून पोळी पुढे केली. पांढऱ्यानं हात हुंगला. बराच वेळ हुंगत राहिला. मग त्यानं माझ्या हातातून ती पोळी खाल्ली.