सही अण्णांची होती

आमचे अण्णा कुठलीही पेटी उचलण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारत. मग ती किरणोत्सर्गी कॅमेऱ्याची असो, नाहीतर दिंडोरीहून कुणी पाठवलेल्या द्राक्षांची. चारी बाजू पाहून झाल्या की वाकून तळ बघत. तोवर आम्ही द्राक्षांकडे नुसते बघत बसायचो. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा.

अंबडमधली आमची कंपनी छोटी. लोखंडी पाइपांच्या वेल्डिंगमध्ये आत कुठे चीर राहिली आहे का, याचे फोटो काढायचं काम. त्या कॅमेऱ्याच्या पोटात किरणोत्सर्गी गोळी असते. तो जीपनं बाहेरगावी न्यायचा म्हणजे आधी पेटीपासून मीटरभर अंतरावर किरण मोजायचे, तो आकडा लेबलवर लिहायचा, लेबल दोन बाजूंना चिकटवायचं, फॉर्म भरायचा. हे सगळं माझ्याकडे. अण्णा सुरक्षा अधिकारी. शेवटची सही त्यांची.

“पोरी, पेटी मुकी हाय,” ते म्हणायचे. “रस्त्यात गाडी उलटली तर तिच्या वतीनं हा कागदच बोलणार.”

अपघात झाल्यास काय करायचं, याचं एक कार्ड ड्रायव्हरजवळ असतं. आमचा ड्रायव्हर अशोक. त्याच्याकडून अण्णा दर खेपेला ते मोठ्यानं वाचून घेत. अशोक वैतागायचा, “अण्णा, पाठ झालंय आता.”

“म्हणूनच वाच. पाठ झालं की माणूस बघत नाय.”

एका सोमवारी कॅमेरा मनमाडला जायचा होता. अण्णांना डॉक्टरकडे जायची घाई होती आणि मला कंटाळा आला होता. आकडा रोज जवळपास तोच यायचा, म्हणून मी शनिवारच्या फॉर्मवरून उतरवून घेतला. शनिवारी संध्याकाळी जुनी गोळी काढून नवी, कितीतरी जास्त ताकदीची गोळी बसवली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. “मोजलंस ना?” अण्णांनी विचारलं. मी हो म्हणाले. चष्मा न लावताच त्यांनी सही केली.

तासाभरानं परतले आणि चष्मा लावून फॉर्मची आमच्याकडची प्रत पाहिली. नव्या गोळीला शनिवारचाच आकडा होता. अशोकला फोन करून जीप चांदवडच्या अलीकडे थांबवायला सांगितलं आणि मीटर, नवी लेबलं, कोरा फॉर्म घेऊन मोटारसायकलवर निघाले. पेटी शाबूत होती, अशोकला काही झालं नव्हतं. पण कागद खोटं बोलत होता. रस्त्याच्या कडेला पुन्हा मोजून त्यांनी लेबलं बदलली.

“कुणाला कळणार हाय, अण्णा? सोडून द्या,” असं अशोक म्हणाला होता म्हणे.

अण्णांनी संध्याकाळी मालकांना लेखी दिलं: ‘मोजणीची खात्री न करता मी सही केली.’ माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. निवृत्तीनंतर मिळालेली त्यांची मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि वाढवून मिळेल असं सगळे धरून चालले होते. मालक म्हणाले, “अण्णांचं वय झालं आता.” मुदत वाढली नाही. मी त्याच महिन्यात कायम झाले होते. मी गप्प बसले.

निरोपाच्या दिवशी मी रडायला लागले तर म्हणाले, “सही माझी व्हती पोरी. सही करणाऱ्यानं बघायचं असतं.” माझ्या खोटं बोलण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मला जवळ बसवलं. “तुझं लय कौतुक करायचे. म्हणायचे, माझ्यामागं ती मोजती.” मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, “मोजतीस ना गं?”

“हो काकू. दर वेळी.”

हे खरंच होतं. पण जे सांगायला मी गेले होते, ते मला त्या दिवशीही सांगता आलं नाही.